पुण्यात कल्हई कुठे करून मिळते? (आणि त्यानिमित्ताने इस्फहान-तबरीझचा बाजार)

उंडगा

प्रश्न एका ओळीचा आहे. तांब्याचं पातेलं आहे, आतली कल्हई पार उडालीय, परवा त्यात आमटी केली ती कळकली आणि बायकोने पातेलं थेट माळ्यावर टाकलं. पुण्यात अजून कल्हई कोण करतं? लहानपणी भाता घेऊन गल्लीत बसायचे ते लोक आता दिसत नाहीत.

आता अवांतर. हे पातेलं मी २०१७ मध्ये इराणमधल्या इस्फहानच्या बाजारातून आणलंय, आणि काल ते हातात घेतल्यापासून डोक्यात नुसते ठोके वाजतायत. तर लिहूनच टाकतो. ज्याला कंटाळा येईल त्याने फक्त कल्हईवाल्याचा पत्ता द्यावा.

इस्फहानला शाह अब्बासने १५९८ मध्ये राजधानी हलवली आणि नक्श-ए-जहान नावाचं अवाढव्य मैदान आखलं, साधारण ५६० मीटर लांब आणि १६० रुंद. दक्षिणेला मोठी मशीद, पूर्वेला शेख लुत्फुल्लाची छोटी मशीद, पश्चिमेला राजवाडा, आणि उत्तरेला काय तर बाजाराचा दरवाजा. म्हणजे देव, राजा आणि दुकानदार सगळे एकाच अंगणात. त्या दरवाज्याला कैसरिया म्हणतात. वर अब्बासच्या उझबेकांशी झालेल्या लढाईचं चित्र आहे (उन्हापावसाने पार फिकं पडलंय), आणि टाइल्सवर धनुर्धारी आहेत, कारण शहराची रास धनु म्हणे. आत शिरलं की बाजार नागमोडी वळत वळत जवळजवळ दोन किलोमीटर जुन्या जामे मशिदीपर्यंत जातो, आणि वर सगळीकडे छत.

तांब्याची दुकानं मैदानाजवळच आहेत. शोधावी लागत नाहीत, कान असले की झालं. ज्याच्याकडून पातेलं घेतलं तो म्हातारबा लोखंडी खुंट्यावर भांडं पालथं घालून बसला होता, उजव्या हाताने ठोका, डाव्या हाताने भांडं बोटभर फिरवायचं, परत ठोका. बोलताना, चहा पिताना, गिऱ्हाईकाला किंमत सांगताना लय तीच. कल्हई मात्र तो करत नव्हता, ते काम दुसऱ्याचं. पोऱ्याच्या हातात पातेलं देऊन दोन दुकानं पलीकडे पाठवलं, मीही मागोमाग गेलो. तिथे जे बघितलं ते थेट आमच्या जुन्या वाड्यातलं दृश्य. भांडं तापवलं, नवसागर भुरभुरला, पांढऱ्या धुराचा लोट उठला, कथलाची कांडी टेकवली आणि कापसाच्या बोळ्याने सर्रकन फिरवली, काळं पातेलं डोळ्यांदेखत चंदेरी. नवसागराला त्यांचा शब्द नोशादोर. मी नाकाला रुमाल लावून उभा आणि त्या धुराच्या वासाने एकदम इयत्ता तिसरीत.

पुढे तबरीझलाही गेलो, त्याबद्दल कोणाला इंटरेस्ट असेल तर लिहितो.

चिऊताई७२

कसबा पेठेत तांबट आळीत जाऊन विचारा, तिथे काम होतं. पितळेचंही करतात. घरून निघताना पातेलं चिंचेने घासून न्या म्हणजे त्यांना बरं पडतं. आणि तबरीझचं लिहा की! विचारता काय.

मावळतीकर

कळकलेल्या आमटीवरून शाह अब्बासपर्यंत. या संस्थळाची परंपरा अबाधित आहे. :)

उंडगा

@चिऊताई, धन्यवाद, शनिवारी जातो. तर तबरीझ.

तेहरानहून रात्रीच्या बसने सकाळी पोचलो. तबरीझमध्ये फारसी कमी आणि अझेरी तुर्की जास्त ऐकू येते, त्यामुळे माझी पाठ केलेली वीस फारसी वाक्यं तिथे निम्म्या किमतीला गेली. बाजार साधारण २७ हेक्टरवर पसरलाय, आणि छताखालच्या गल्ल्याच साडेपाच किलोमीटरच्या वर. २०१० पासून जागतिक वारसा यादीत आहे पण जाऊन बघाल तर स्मारकबिरक काही वाटत नाही, लोक बटाटे घेतायत, साबण घेतायत, हमाल गाडा रेटत मागून ओरडतोय, काय ओरडतोय ते कळायची गरज नाही, भिंतीला चिकटायचं.

छत म्हणजे विटांच्या घुमटांची रांग. प्रत्येक घुमटाला माथ्यावर एक भोक, त्यातून उन्हाची तिरीप खाली येते आणि तिच्यात धूळ, मसाल्याची भुकटी, चहाची वाफ सगळं तरंगताना दिसतं. बाहेर उन्हाने डोळे दिपतात आणि आत थंडगार, गरम हवा वर जाऊन त्या भोकातूनच निघून जाते. पंखा कुठे दिसला नाही.

रचना समजायला मला दोन दिवस लागले. एका धंद्याची गल्ली म्हणजे रास्ते (आपला रस्ताच). दोन गल्ल्या जिथे मिळतात तिथे मोठा घुमट, तो चहारसू, म्हणजे चार दिशा. गल्लीतून बाजूला दार असतं, आत मोकळं अंगण आणि भोवती दुमजली खोल्या, ती सराई, तिथे घाऊक माल उतरायचा, जनावरं बांधायची. आणि अंगणावरही घुमट असेल तर ते तिमचे, तिथे भारी माल. सगळ्यात देखणं मुझफ्फरिया तिमचे, तिथे फक्त गालिचे. वरच्या मजल्यावरच्या कठड्यांवर गालिचे टाकलेले, खाली गालिच्यांच्या चळती, त्या चळतींवर बसून लोक जेवतायत.

आणि तिथेच एका कोपऱ्यात रफूगर. हो, आपलं रफू त्यांचंच. वाळवीने की उंदराने खाल्लेला तळहाताएवढा तुकडा होता, तो माणूस आधी भोकाच्या कडा उसवून सरळ करून घेत होता, मग नवे ताणे बसवले, मग समोर लोकरीच्या पन्नासेक गुंड्या मांडून रंग लावून बघत बसला. दहा मिनिटं फक्त लाल शोधत होता. एक गुंडी गालिच्याला लावायचा, मान हलवायचा, बाजूला ठेवायचा. मला सगळे लाल एकच दिसत होते. शेवटी त्याने दोन वेगळे लाल धागे एकत्र पिळले आणि ओवायला घेतले. मी पुढे अर्धा तास तिथेच होतो आणि त्या वेळात त्याचं काम जेमतेम नखाएवढं झालं.

हिशेबनीस

वा उंडगेराव. दोन गोष्टी.

एक, तिमचे आणि गालिचा यातला "चे/चा" एकच. फारसीत लहान वस्तूला "चे" लावतात. बाग तर बागचे, म्हणजे आपला बगीचा. काली म्हणजे मोठा गालिचा, कालिचे म्हणजे छोटा, आपण मात्र छोट्याचं नाव उचललं आणि दिवाणखानाभर पसरला तरी त्याला गालिचाच म्हणतो. तिम म्हणजे मोठी सराई, तिमचे म्हणजे छोटी.

दोन, आपला अख्खा बाजार बोलतो फारसी. मी आयुष्यभर हिशेब तपासले, जमा, खर्च, नफा, हिशेब, वसूल, नमुना, सौदा, तराजू, दुकान, दलाल, सराफ, हमाल, हवाला, किंमत, माल... तोटा तेवढा आपला स्वतःचा दिसतोय. शिवाजी महाराजांना राज्यव्यवहारकोश करवून घ्यावा लागला तो उगाच नाही, आणि तरी बाजारातले शब्द काही हलले नाहीत. दरबार हुकुमाने बदलतो, वाण्याला कोण बदलणार.

खडूस_काका

जमा, खर्च, नफा, हिशेब, वसूल, दुकान, दलाल, सराफ, हमाल, हवाला, किंमत, माल हे सगळे मुळात अरबी आहेत हो हिशेबनीस. तराजू, सौदा, नमुना फारसी म्हणा हवं तर. उगाच अख्खा बाजार फारसी वगैरे ठोकून देऊ नका.

हिशेबनीस

मूळ अरबी मान्य, पण आपल्याकडे ते फारसी कारभारातूनच आले. तुमच्या घरी दूध डेअरीतून येतं, म्हणून म्हैस नाकारत नाही मी.

खडूस_काका

म्हैस मान्य केलीत, बास.

चिऊताई७२

हिशेबनीस काका, कल्हई?

हिशेबनीस

अरबीत कलई म्हणजे कथील. खडूसकाका खूश.

इतिहासवेडा

तबरीझचं नाव निघालं आणि चावचा किस्सा कोणी सांगितला नाही म्हणून लॉगिन झालो.

१२९४. इराणवर मंगोल इलखान राज्य करतायत, राजधानी तबरीझ, गादीवर गैखातू. खजिन्यात खडखडाट, कारण बादशहाचा हात सैल आणि त्यात गुरं मोठ्या प्रमाणावर मेलेली. वजीर सद्रुद्दीन झंजानीने डोकं लढवलं की चीनमध्ये आपले भाऊबंद कागदाचा पैसा चालवतात, त्याला चाव म्हणतात, आपणही चालवू. नोटा छापल्या, वर कलमा आणि चिनी अक्षरं दोन्ही, आणि फर्मान काढलं की जो घेणार नाही त्याला देहदंड. तबरीझच्या बाजाराने काय केलं? दुकानं बंद. माल गायब. भाकरी मिळेना, लोक शहर सोडून जायला लागले, दंगली झाल्या, आणि साधारण दोन महिन्यांत सरकारने चाव मागे घेतला. पुढच्याच वर्षी गैखातूचा खून झाला. चीनमध्ये जे चाललं ते इथे चाललं नाही कारण त्या कागदामागे नाणं मिळेल असा भरवसाच कोणाला नव्हता, आणि भरवसा हा बाजाराचा माल, दरबाराचा नाही.

नंतरचा इलखान गाझान खान, त्याने नाणी सुधारली आणि नवा बाजार बांधला. १३२७ च्या सुमारास प्रवासी इब्न बतूता तिथून गेला, एकच रात्र राहिला, पण जवाहिऱ्यांच्या गल्लीत त्याचे डोळे दिपले असं लिहून ठेवलंय. प्रत्येक धंद्याला वेगळी जागा आहे हेही त्याने नोंदवलंय, म्हणजे उंडगा यांनी २०१७ मध्ये जे बघितलं त्याची आखणी तेव्हापासूनची. इमारती मात्र तेवढ्या जुन्या नाहीत. १७८० च्या भूकंपात तबरीझ जमीनदोस्त झालं होतं. आज आहे तो बाजार बहुतेक त्यानंतर उभा राहिलेला, काजार राजांच्या काळातला.

पाटीवाला

नोटबंदीची उलटी आवृत्ती. :D

इतिहासवेडा

@पाटीवाला, राजकारण नको, धागा उडेल.

दोरा_सुई

धंद्यांची जागा कशी ठरायची यावर थोडं. मशिदीच्या जवळ पुस्तकं, कागद, मेणबत्त्या, अत्तरं. मग सोनं, रेशीम, भारी कापड, हे बाजाराच्या पोटात, कारण रात्री दरवाजे बंद झाले की तिथे सुरक्षित. आवाज करणारे आणि वास मारणारे, म्हणजे लोहार, चांभार, रंगारी, ते बाहेरच्या टोकाला नाहीतर वेशीपाशी, खोगीर-दोरखंडवालेही तिथेच कारण काफिले तिथूनच आत यायचे. आपल्या पेठांमध्येही बोहरी आळी, तांबट आळी, शिंप्यांची आळी हेच आहे. एकाच धंद्याची वीस दुकानं शेजारी शेजारी असली तर धंदा बसतो असं वाटतं, पण उलट होतं. गिऱ्हाईकाला वीस ठिकाणी भाव बघता येतो म्हणून तो तिथेच येतो, आणि एकाने हलका माल दिला तर बाकी एकोणीस त्याच्या आधी बोंब मारतात, कारण बदनाम अख्खी गल्ली होते.

मी स्वतः कापडातली, त्यामुळे इस्फहानच्या कलमकारबद्दल लिहिल्याशिवाय राहवत नाही. नाव कलमकार असलं तरी तिथे आता काम ठशांनी होतं. ठसे पेअरच्या लाकडाचे, चार रंगांना चार वेगळे ठसे, काळा, लाल, निळा, पिवळा. सुती कापड आधी डाळिंबाच्या सालीच्या पाण्यातून काढायचं, त्याने ते पिवळसर होतं आणि रंग धरायला लागतं. काळा लोखंडाच्या गंजातून, लाल तुरटी आणि मंजिष्ठाच्या भावकीतल्या मुळीतून (तिकडे तिला रोनास म्हणतात). कारागीर ठसा ठेवतो आणि मुठीने वरून हाणतो, दिवसभर, म्हणून हाताला जाड गादी बांधलेली असते. मोठ्या चादरीला ठसे शेकड्यांनी मारावे लागतात आणि सांधा केसभर जरी हलला तरी वेलीची मान मोडलेली दिसते. मग उकळायचं, मग धुवायचं. हे धुणं झायंदेह नदीत व्हायचं, काठावर कापडं वाळत पडलेली असायची. आता ती नदी शहरात वर्षातला बराच काळ कोरडी असते, जुन्या पुलाखालून लोक चालत जातात. कापड हौदात धुतात.

आपल्याकडची मछलीपट्टणची कलमकारीही याचीच बहीण, गोवळकोंड्याच्या कुतुबशाहीत इराणी व्यापारी भरपूर होते आणि कापडं तिकडे जायची, नक्षी इकडे यायची. आपल्याकडे डाळिंबसालीऐवजी हिरडा आणि म्हशीचं दूध. (खडूसकाका, परत म्हैस.)

सुगरण_नाही_मी

दोरा_सुई ताई, मस्त! ते खातमकारी म्हणजे डब्यांवर चांदण्या चांदण्या असतात तेच ना? आमच्याकडे कोणीतरी दिलेली पेन ठेवायची पेटी आहे. मला वाटायचं स्टिकर आहे.

दोरा_सुई

स्टिकर नाही गं! लाकूड, हाड आणि पितळेच्या तारा, सगळ्यांच्या बारीक त्रिकोणी काड्या करतात, त्या नक्षीप्रमाणे एकत्र बांधून सरसाने चिकटवतात, मग त्या जुडीच्या आडव्या पातळ चकत्या कापतात. प्रत्येक चकतीत तीच चांदणी येते. त्या चकत्या पेटीवर डकवून घासतात. आपण लोण्याचा गोळा रंगीत... छे, जमत नाहीये, चकलीच्या साच्याची उपमा शोधत होते. भिंगातून बघ, हाताने केलेली असेल तर चांदण्या थोड्या थोड्या वाकड्या दिसतील. सगळ्या सारख्या असतील तर मात्र स्टिकर.

सुगरण_नाही_मी

बघितलं. स्टिकर आहे. :(

हिशेबनीस

मला त्या बाजाराच्या अर्थकारणात जास्त रस आहे. दुकान बसतं कोणाच्या जागेत? बऱ्याच वेळा जागा वक्फची असते, म्हणजे कोणीतरी मशिदीसाठी नाहीतर मदरशासाठी दान दिलेली, तिच्या भाड्यातून तिथला खर्च चालतो. दुकानदाराकडे मालकी नसते, त्याच्याकडे असतं सरकोफ्ली. सर म्हणजे वर, कोफ्ल म्हणजे कुलूप (आपलं कुलूपही तिथलंच), कुलपावरचा पैसा. आत शिरताना मोठी रक्कम द्यायची, मग भाडं नाममात्र, आणि निघताना पुढच्याकडून ती रक्कम वसूल करायची. मुंबईकर मंडळी ओळखतीलच, ही आपली पागडी.

दुसरं म्हणजे उधारी. गालिचेवाला स्वतः विणत नाही. तो खेड्यात लोकर पाठवतो, आलेखाच्या कागदावर काढलेली नक्षी पाठवतो, उचल देतो, आणि वर्षा-दीड वर्षाने गालिचा परत येतो. तोपर्यंत पैसा अडकलेला. लोकरवाल्याला तो उधार मागतो, लोकरवाला धनगराला, आणि सगळ्यांचं सगळ्यांकडे येणं. हे नात्यागोत्यात, मशिदीच्या ओळखीत आणि चिठ्ठ्यांवर चालतं. जुन्या वह्या सियाक नावाच्या लिपीत असायच्या, आकडे असे काही गुंतवलेले की बाहेरच्याला वाचताच येऊ नयेत. आपल्या मोडीच्या वह्या बघितल्यात त्यांना कल्पना येईल.

उंडगा

गालिच्याच्या पैशावरून. तबरीझमध्ये गालिच्याचा भाव रजमध्ये सांगतात. साधारण सात सेंटिमीटरमध्ये किती गाठी बसतात तो रज. पन्नास रजचा म्हणजे सात बाय सातच्या चौकोनात अडीच हजार गाठी, म्हणजे एका चौरस मीटरला पाच लाखांच्या वर. मी तिथेच मोबाईलवर गणित केलं, एकट्या माणसाने दिवसाला आठ हजार गाठी मारल्या तरी एका चौरस मीटरला दोन महिने. तबरीझचे विणकर बोटांऐवजी आकडा लावलेली सुरी वापरतात, आकड्याने धागा ओढायचा आणि त्याच सुरीने कापायचा, इतकं भराभर की नजर ठरत नाही. मग किंमत ऐकली आणि मोबाईल खिशात ठेवला.

नाही घेतला गालिचा. @चिऊताई विचारणारच होत्या.

पैशाचा अजून एक किस्सा. नोटांवर रियाल, बोलायचं तोमानमध्ये, दहा रियालचा एक तोमान. त्यात हजार गिळून टाकतात. पातेल्याला म्हातारबा म्हणाला "एकशे वीस". मी ऐटीत १,२०,००० रियाल पुढे केले. त्याने नोटा बघितल्या, माझ्याकडे बघितलं, आणि दोन्ही हातांनी फुगा फुगवल्यासारखी खूण केली. खरी किंमत १२ लाख रियाल, तेव्हाचे आपले साधारण दोन हजार रुपये. त्याआधी किंमत विचारल्यावर पहिलं उत्तर आलं होतं "काबेली नदारे", म्हणजे तुमच्यापुढे याची काय किंमत, असंच घेऊन जा. हे खरं मानायचं नसतं! तीनदा आग्रह करायचा मग आकडा निघतो. आपल्याकडे "अहो राहू द्या पैसे" म्हणणारा किराणावाला असतो तसंच, फक्त तिथे प्रत्येक जण. आणि परदेशी कार्ड कुठेच चालत नाही, निर्बंधांमुळे, सगळी रोकड पोटाशी बांधून हिंडायचं.

केशरात मात्र गंडलो. घरी येऊन दुधात टाकलं तर दोन सेकंदांत दूध लालभडक आणि काड्या पांढऱ्याफटक. खरं केशर हळूहळू पिवळं सोडतं आणि काडी लालच राहते, हे आधी माहीत असतं तर. जगातलं बहुतेक केशर ज्या देशात पिकतं तिथे जाऊन रंगवलेल्या काड्या घेऊन येणारा मीच.

मावळतीकर

केशरावर सहानुभूती. फारसीत म्हण आहे, केरमानला जिरं नेणं, तिकडे जिरं भरपूर पिकतं म्हणून. तुम्ही उलटं केलंत, केरमानहून कोंडा आणलात.

पण एक सांगू का, धागा जरा गुलाबी होतोय. बाजार म्हणजे कला, भरवसा, घुमटातून येणारं ऊन. निम्मी दुकानं चिनी माल विकतात, पैसेवाले लोक मॉलमध्ये जातात, आणि तांब्याच्या दुकानात मुलगा बसत नाही कारण त्यात कान जातात आणि पैसा नाही. तबरीझच्या बाजारात मे २०१९ मध्ये मोठी आग लागली, लाकडी भाग आणि कापडाचा माल, बघता बघता पेटला. ही जागा जिवंत आहे म्हणूनच तिला हे सगळं होतं, म्युझियमला होत नाही, हे कबूल.

उंडगा

गुलाबी मान्य. पण डागडुजीचं सांगतो, ते मला आवडलं होतं. तबरीझ बाजाराची दुरुस्ती साधारण २००० पासून सुरू झाली, सुरुवातीला बहुतेक पैसा सरकारचा आणि दुकानदार हात राखून. पहिल्या काही सराया नीट झाल्या, धंदा वाढला, मग बाकीचे स्वतःहून पैसे घेऊन यायला लागले आणि पुढे मोठा वाटा त्यांचाच झाला. २०१३ मध्ये त्या कामाला आगा खान वास्तुकला पुरस्कार मिळाला. दुकानदाराला वारसा नावाचा शब्द समजावता येत नाही, शेजाऱ्याची वाढलेली गिऱ्हाइकी बरोब्बर समजते.

इतिहासवेडा

मावळतीकरांनी चिनी मालाचं काढलं म्हणून, परदेशी मालाशी या बाजाराचं भांडण जुनंच आहे. १८९० मध्ये नासिरुद्दीन शाहने अख्ख्या देशातल्या तंबाखूचा मक्ता टॅलबट नावाच्या इंग्रजाला ५० वर्षांसाठी देऊन टाकला, वर्षाला १५ हजार पौंड आणि नफ्यातला चौथा हिस्सा एवढ्यावर. पिकवणारा, वखारवाला, किरकोळ विकणारा सगळे एका फटक्यात त्याचे नोकर. शिराझ, तबरीझ, इस्फहान, तेहरान सगळीकडचे बाजार उठले. डिसेंबर १८९१ मध्ये मिर्झा शिराझी या मोठ्या धर्मगुरूंच्या नावाने फतवा निघाला की तंबाखू ओढणं निषिद्ध, आणि लोकांनी हुक्के फोडले, शाहच्या जनानखान्यातसुद्धा कोणी हुक्का भरून देईना. जानेवारी १८९२ मध्ये मक्ता रद्द. नुकसानभरपाईचे पाच लाख पौंड द्यायला शाहला परकं कर्ज काढावं लागलं ते वेगळंच.

त्याहून भारी १९०५. रशिया-जपान युद्धामुळे साखर महागली. तेहरानच्या गव्हर्नरने दोषी धरले साखरेचे व्यापारी, आणि डिसेंबरमध्ये त्यांच्या तळपायांवर छड्या मारल्या, त्यात एक म्हातारे, मशिदी बांधून दिलेले, अतिशय मानाचे गृहस्थ. दुसऱ्या दिवशी बाजार बंद. तिथून जे सुरू झालं ते १९०६ च्या उन्हाळ्यात ब्रिटिश वकिलातीच्या बागेत पोचलं, १२ हजारांच्या वर माणसं तिथे जाऊन बसली. प्रत्येक धंद्याच्या पंचायतीचा आपापला तंबू, साधारण ५०० तंबू होते असं एका बघणाऱ्याने लिहिलंय, आणि तो खास सांगतो की चांभार, अक्रोडवाले आणि भांडी सांधणारे यांचासुद्धा निदान एकेक तंबू होताच. मोठमोठ्या कढयांमधून सगळ्यांचं जेवण. तीन आठवड्यांत शाहने मान तुकवली, इराणला संसद मिळाली, आणि पहिल्या संसदेत धंदेवाल्यांच्या पंचायतींचे स्वतःचे प्रतिनिधी होते.

ज्याने सही केली तो शाह मुझफ्फरुद्दीन. युवराज असताना तो तबरीझला राहायचा. उंडगा ज्या गालिच्यांच्या तिमच्यात उभे होते ते त्याच्याच नावाचं.

पाटीवाला

आईशप्पथ. भांडी सांधणाऱ्यांचा तंबू!

बनमस्का

बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज लिहितोच. आमचे आजोबा यझदजवळच्या गावातून मुंबईत आले आणि मग पुण्यात. आम्ही झरतुष्ट्री इराणी, घरात म्हातारी माणसं दरी (आमच्या लोकांची बोली) बोलायची, आम्ही मुलं शाळेत मराठी आणि दुकानात सगळंच.

यझदच्या बाजाराचं आजी सांगायची ते दोन तऱ्हेचं होतं. एक म्हणजे मिठाई, पश्मक (आपल्या म्हातारीच्या केसांचा सख्खा मामेभाऊ), कुत्ताब, आणि तेर्मे नावाचं जड रेशमी कापड जे लग्नात काढायचे आणि परत ट्रंकेत. दुसरं म्हणजे तिच्याही आजीच्या वेळचं, आमच्या लोकांनी भडक नवे कपडे घालायचे नाहीत, समोरून कोणी मुसलमान गृहस्थ आला तर गाढवावरून खाली उतरायचं, आणि वर जिझिया. तो जिझिया १८८२ मध्ये बंद झाला, त्यासाठी मुंबईच्या पारशांनी १८५४ मध्ये माणेकजी लिमजी हटारिया यांना तिकडे पाठवलं होतं, त्या गृहस्थांनी जवळजवळ तीस वर्षं दरबारात खेटे घातले. म्हणून बाजाराचा भरवसा वगैरे वाचताना मला बरंही वाटतं आणि तो भरवसा कोणाकोणाला मिळायचा हेही आठवतं. असो.

मुंबईत फक्त आम्हीच नाही आलो. शिराझचे मुसलमान व्यापारी बुशेर बंदरातून येऊन जाऊन असायचे, अफू आणि सुकामेवा इकडे, चहा आणि कापड तिकडे. डोंगरीतली निळ्या टाइल्सची मुघल मशीद १८६० मध्ये एका इराणी व्यापाऱ्यानेच बांधली. तिच्या अंगणात हौद आहे, कधी गेलात तर बघा.

आणि उंडगाभाऊ, चहा कसा प्यायलात ते लिहिलं नाहीत. साखरेचा खडा दातात धरून प्यायलात का? आजोबा शेवटपर्यंत तसाच प्यायचे. कपात साखर घातली तर कप परत.

उंडगा

बनमस्का, फार चांगलं लिहिलंत, गाढवाचं मला माहीत नव्हतं.

हो, दातात धरून. म्हातारबानेच शिकवलं, माझा खडा पहिल्याच घोटाला विरघळून गेला तेव्हा त्याने हातोडी थांबवली. तेवढीच एकदा थांबली.

चिऊताई७२

ते सगळं ठीक आहे, पातेल्याचं काय झालं? शनिवार होऊन गेला.

उंडगा

गेलो होतो. तांबट आळीत विचारत विचारत एका काकांकडे पोचलो. त्यांनी पातेलं उलटं केलं, बुडावर बोट फिरवलं, टिचकी मारून ऐकलं आणि विचारलं कुठलं आहे. म्हटलं इराण. म्हणाले ठोके आमच्यापेक्षा जवळजवळ आहेत, पत्रा पातळ घेतलाय. मग घासायला मुलाकडे दिलं आणि म्हणाले दोन तासांनी या. मी म्हटलं इथेच बसतो. धूर झाला तसे शेजारचे दोन म्हातारे उगाचच येऊन उभे राहिले, वास घ्यायला.

साडेचारशे घेतले. घासाघीस केली नाही. कालची आमटी चांगली झाली.

सुगरण_नाही_मी

फोटो??

उंडगा

दोनदा टाकून बघितला, चढत नाहीये. संपादक मंडळ, मदत करा.